फळ्यावर मावेल एवढंच

नौपाड्यातल्या आमच्या नाक्यावरचा फळा गुरुदत्त सहस्रबुद्धे लिहितात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी. अक्षर इतकं देखणं, की थापसुद्धा आंघोळ करून आल्यासारखी दिसते. सुविचारांचा लोकांना वीट आला, तेव्हा त्यांनी 'विज्ञानवार्ता' सुरू केली. वर्तमानपत्रातल्या बातमीचं शीर्षक आणि पहिल्या चार ओळी ते वाचत. फळ्यावर त्याहून जास्त मावत नाही. मग उरलेलं वाचायचं कशाला?

एका सोमवारी त्यांनी लिहिलं: 'कारल्याच्या बियांनी मधुमेह मुळापासून बरा. परदेशी शास्त्रज्ञांचा निष्कर्ष.'

शेजारच्या हेमाताईंनी त्याच दिवशी इन्सुलिन बंद केलं आणि बिया वाटून घ्यायला लागल्या. पायाला जखम होतीच, ती चिघळली. खोलीत कुजका, गोडसर वास भरला. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं आजच सुरू केली तर पाऊल वाचेल. हेमाताई ऐकेनात.

त्यांची सून नीरजा तेच वर्तमानपत्र घेऊन गुरुदत्तांच्या दारात उभी राहिली.

"काका, शेवटची ओळ वाचा. मोठ्यानं."

"प्रयोग उंदरांवर झाला असून माणसांवरील चाचण्या..."

"आमच्या सासूबाई उंदीर आहेत का हो?"

शीर्षकात ठळक 'बरा'. उंदीर तळाशी, बारीक अक्षरांत, मेल्यासारखे पडलेले. गुरुदत्तांना छापणाऱ्याची किळस आली. मग स्वतःची.

ते तसेच हेमाताईंकडे गेले. नाकाला रुमाल लावायची लाज वाटली.

"वहिनी, मी अर्धीच बातमी लिहिली. इंजेक्शन घ्या."

"तुम्हाला नीरजानं पढवलंय."

"अहो, फळा मीच लिहितो ना!"

"मग तिथे लिहा. तिथे आलं तर घेईन."

गुरुदत्त खाली उतरले. फळा पुसून लिहिलं: 'कारल्याचा प्रयोग उंदरांवरचा आहे. माणसांवर काहीही सिद्ध झालेलं नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका. चूक माझी. गुरुदत्त सहस्रबुद्धे.'

नीरजानं मोबाईलवर फोटो काढून सासूबाईंना दाखवला. त्यांनी तो वाचला आणि पदर बाजूला करून पोट पुढे केलं. उंदीर कुठले, चूक कसली, एक प्रश्न नाही. एक शंका नाही. सुई टोचली गेली. दारात उभे गुरुदत्त बोटांवरचा खडू पुसत राहिले.

"छान लिहिलंय हो," हेमाताई म्हणाल्या. "उद्या गुडघ्यांसाठी काहीतरी बघा ना."