एका डोळ्यात थर्मल, एका डोळ्यात नाइट व्हिजन

माझी शेवटची पोस्टिंग आयर्लंडमध्ये झाली. ऑर्डर बायकोची होती. वैशालीला किलकेनीच्या हॉस्पिटलात स्टाफ नर्सची नोकरी लागली आणि तिच्या व्हिसावर मी 'आश्रित' म्हणून आलो. सतरा वर्षं इन्फंट्रीत काढली, हवालदार म्हणून बाहेर पडलो, आणि सरकारी कागदावर शेवटी आश्रित झालो. तक्रार नाही. आश्रिताला जेवण वेळेवर मिळतं.

शहरापासून नऊ किलोमीटरवर एका मेंढपाळाच्या आवारातलं छोटं घर आम्ही भाड्याने घेतलं. घरमालक डेक्लन, वय चव्वेचाळीस, तीनशे मेंढ्या. त्याचे वडील मिक, वय एक्क्याऐंशी. दिवसा मी एका वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. हवालदाराला इंग्रजीत सार्जंट म्हणतात, हे मी पहिल्याच आठवड्यात डेक्लनपाशी मिरवून सांगितलं होतं. तेव्हापासून तो मला सार्जंट म्हणतो. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मला आजही विचारायचं धाडस झालेलं नाही.

मार्चचा शेवटचा आठवडा होता. मेंढ्या विण्याचा हंगाम. नऊ रात्रींत अकरा कोकरं गेली. सकाळी कुंपणाशी कधी पाय सापडायचा, कधी नुसती लोकर. काम कोल्ह्याचं होतं.

डेक्लनने रायफलवर थर्मल स्कोप बसवून घेतला. परवाना त्याचा, रायफल त्याची. मी इथे बंदुकीला हात लावत नाही आणि लावायचा अधिकारही मला नाही. दोन रात्री तो एकटाच बसला. पहिल्या रात्री एका सशावर गोळी झाडली, दुसऱ्या रात्री खताच्या गरम ढिगाऱ्यावर. तिसऱ्या दिवशी तो आमच्या दारात आला.

"सार्जंट, तू हे सगळं वापरलं असशील ना?"

"वापरलंय," मी म्हणालो. अर्धं खरं होतं. आमच्या पोस्टवर एक थर्मल होतं, हातात धरायचं. नाइट व्हिजन यायचं होतं. ते अजून येतच असावं.

त्याने एक हेल्मेट आणि दोन छोट्या दुर्बिणी मागवल्या. डाव्या डोळ्यापुढे नाइट व्हिजन, उजव्यापुढे थर्मल. पुढचा भार एवढा की मान आपोआप खाली जायची, नवरदेवासारखी. मागे तोल साधायला मी एका मोज्यात पाव किलो तांदूळ भरून बांधला. चौदा वर्षांच्या गार्गीने मला आपादमस्तक पाहिलं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इथल्या हेलात इंग्रजीत येतं.

"बाबा, यू लुक लाइक अ ब्रोकन रोबॉट."

"चांगलं दिसतंय की वाईट?"

"ग्रँड," ती म्हणाली, म्हणजे इथल्या भाषेत नुसतं 'ठीक', आणि फोटो काढून मैत्रिणींना पाठवला.

पहिल्या रात्री मी शहाणपणा केला. दोन डोळ्यांत दोन चित्रं येत असल्याने डोकं गरगरत होतं, म्हणून नाइट व्हिजन वर उचललं आणि फक्त थर्मलवर चालत गेलो. थर्मल उष्णता दाखवतं. कुंपणाची विजेची तार गार असते. ०११५ वाजता मी ती शोधून काढली, मांडीने. घरी आल्यावर वैशालीने डाग पाहिला, मलम लावलं आणि विचारलं, "शत्रू कुठल्या बाजूने आला होता?"

मी विसरत चाललेला धडा त्या तारेने मला परत दिला. थर्मल गरम काही लपू देत नाही, पण ते काय आहे हे सांगत नाही. गरम गोष्ट पांढरी दिसते, बस्स. नाइट व्हिजनला अंतरावरचा कोल्हा गवतात सापडणार नाही. पण कुठे बघायचं ते कळलं, की त्यावर इन्फ्रारेड टॉर्च टाकायची. साध्या डोळ्याला ती टॉर्च दिसत नाही. कोल्ह्याचे डोळे मात्र तिच्यात दोन दिव्यांसारखे चमकतात. कान दिसतात, शेपटी दिसते. एका डोळ्याने शोधायचं, दुसऱ्याने ओळखायचं.

दुसऱ्या संध्याकाळी शेडमध्ये मी डेक्लनला माझी अट सांगितली. मी स्पॉटर, म्हणजे शोधून ओळखणारा. मी 'आयडेंटिफाइड' म्हणेपर्यंत ट्रिगरला बोट लागणार नाही.

"आणि मला स्पष्ट दिसत असेल तर?"

"तरी."

"शेत माझं आहे."

"मग दुसरा स्पॉटर बघ. डोक्यावर तांदूळ बांधून फिरणारा आणखी एखादा मिळेल."

तो हसला. कबूल म्हणाला.

पाचवी रात्र. बारीक पाऊस, वारा नाही. २३३० ला पोझिशन घेतली. डेक्लन वरच्या फाटकापाशी ट्रेलरवर आडवा, रायफल स्टँडवर. मी त्याच्या उजवीकडे चाळीस मीटरवर, दगडी भिंतीच्या कोपऱ्यात. समोर शेत उतरत जातं. तळाशी झुडपांचं कुंपण, कुंपणाला लागून चर. दोघांकडे रेडिओ. ०१०० ला रेडिओ चेक. ०१४० ला वैशालीने डब्यात दिलेला पराठा खाल्ला. पावसात तेवढीच एक गोष्ट कोरडी राहिली होती.

०२१२ वाजता उजव्या डोळ्यात एक पांढरा ठिपका आला.

"कॉन्टॅक्ट. खालचं कुंपण, मोठ्या झाडाच्या डावीकडे दहा मीटर. अंतर एकशे साठ. थांब."

"दिसला," डेक्लन म्हणाला. "लहान आहे. खाली बसलाय. काहीतरी ओढतोय."

त्याचं वर्णन चूक नव्हतं. ठिपका कोल्ह्याएवढा होता. जमिनीलगत होता. झटके देत मागेपुढे होत होता. मी डावा डोळा लावला आणि इन्फ्रारेड टॉर्च सोडली. गवत. झुडपं. पावसाच्या रेघा. डोळे चमकले नाहीत.

"नॉट आयडेंटिफाइड. होल्ड."

"तोंड पलीकडे आहे त्याचं."

"असेल. होल्ड."

"अकरा कोकरं गेलीत, सार्जंट."

"मोजलीत मी. होल्ड."

अर्धं मिनिट गेलं. ठिपका हलतच होता. कोल्हा एका जागी इतका वेळ झटके देत बसत नाही, किंवा बसतही असेल. मला कोल्ह्यांची एवढी माहिती नव्हती. मला फक्त एवढं माहीत होतं की मला माहीत नाही.

"तो निघून जाईल," डेक्लन म्हणाला. "मी घेतो."

"नाही."

"माझी रायफल आहे, यार." 'यार' तो माझ्याकडूनच शिकला होता.

त्याने रेडिओचं बटण दाबूनच ठेवलं होतं. सेफ्टी सरकल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

मी भिंतीवरून उडी मारली. उडी म्हणजे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी जी होते ती. दोन दगड माझ्याबरोबर खाली आले. तिरका धावत मी त्याच्या आणि ठिपक्याच्या मध्ये जाऊन उभा राहिलो, डोक्यावरचा साधा पांढरा दिवा लावला आणि त्याच्याकडे पाठ केली.

"डेक्लन, मी तुझ्या लाइनमध्ये आहे. चालत खाली जातोय. मारायचं असेल तर माझ्यातून मारावं लागेल."

रेडिओवर जे आलं त्यातल्या एकाही शब्दाचा अर्थ मी गार्गीला विचारलेला नाही. तो थांबल्यावर मी विचारलं, "रायफल क्लिअर?"

क्लिअर म्हणजे रिकामी. मी पुन्हा विचारलं.

"रायफल क्लिअर?"

"क्लिअर. बोल्ट ओपन. वेडा आहेस तू."

"हो. रिसीव्ड."

एकशे साठ मीटर चालायला किती वेळ लागतो? मला वाटलं, दुसऱ्यांदा निवृत्त होईन तोवर. पाठीचा एकेक मणका मला वेगळा कळत होता.

चराच्या काठावर पोचलो तेव्हा ०२१६ झाले होते. खाली मिक गुडघ्यांवर बसला होता. अंगात मेणकापडाचा जुना कोट, डोक्यावर टोपी, सगळं पावसाने गार पडलेलं. थर्मलमध्ये तो जवळजवळ नव्हताच. त्याच्यापुढे एक मेंढी आडवी पडली होती, आणि जाड लोकरीमुळे तीही फारशी दिसत नव्हती. त्याच्या हातात नुकतंच ओढून काढलेलं कोकरू होतं. ओलं आणि वाफाळतं. आमचा पांढरा ठिपका तोच. आणि त्या ठिपक्याच्या सरळ मागे मिकची छाती.

त्याने वर पाहिलं.

"इंडियन आहेस ना तू? तो दिवा विझव. तिला भीती वाटते."

मी दिवा विझवला.

"पाय धर तिचा. आणखी एक आहे आत."

मी पाय धरला. हेल्मेट पुढे घसरलं आणि तांदळाचा मोजा माझ्या कानावर आपटत राहिला. दुसरं कोकरू ०२२५ ला आलं. मिकने त्याच्या नाकातला चिकटा बोटाने काढला, गवताच्या काडीने नाकपुडी खाजवली. ते शिंकलं.

"तुम्ही इथे कसे?" मी विचारलं.

"ही पहिलटकरीण आहे. संध्याकाळपासून बेचैन होती."

"टॉर्च?"

"टॉर्च लावली की मेंढी उठून पळते. साठ वर्षं असाच येतोय. शेत मला पाठ आहे."

"डेक्लनला सांगितलं होतं?"

"त्याने मला अंथरुणातून उठायला बंदी घातलीय. खुब्याच्या ऑपरेशनमुळे. त्याला कशाला सांगू?"

तेवढ्यात डेक्लन खाली आला. रायफल वरच ठेवून आला होता. त्याने बापाला पाहिलं, कोकरांना पाहिलं, मग मागे वळून वरच्या फाटकाकडे पाहिलं, ट्रेलर होता तिथे. तो चराच्या काठावर बसला. मिकने एक कोकरू उचलून त्याच्या मांडीवर दिलं.

"पूस त्याला," मिक म्हणाला. "नुसता बसून काय राहिलास."

डेक्लनने स्वतःच्या जर्सीने कोकरू पुसलं. कोरडं झाल्यावरही तो पुसतच राहिला. ते अजून ओलं आहे, असं आम्ही तिघांनीही धरून चाललो.

सकाळी कळलं की त्याच तासात वरच्या शेतातून दोन कोकरं गेली. कोल्ह्याला आमच्या गडबडीचा अंदाज आला असणार.

गावात बातमी व्हायची तशी झाली. डेक्लनच्या शिकारी मित्रांपैकी एकाने मला पेट्रोल पंपावर गाठलं. म्हणाला, मिकची गोष्ट वेगळी, तो एक अपवाद. थर्मल पुरेसं असतं, सगळे तसंच करतात, आणि तुझ्या नियमाने तो कोल्हा म्हातारा होऊन मरेल.

"मरू दे," मी म्हणालो.

"आणि कोकरं?"

"जातील काही. मी मोजतोय."

"आणि तू असाच रोज नळीसमोर उभा राहणार?"

"लागलं तर रोज."

तो हसून गेला. मला राग आला नाही. डोक्यावर तांदूळ बांधणाऱ्याने राग धरून भागत नाही. पण नियम मी बदलला नाही आणि बदलणार नाही. उलट एक वाढवला: मिकच्या टोपीवर इन्फ्रारेडमध्ये चमकणारी पट्टी. मिक म्हणाला, आपण काही ख्रिसमसचं झाड नाही. मी म्हणालो, मग मी येणार नाही. वैशालीने त्याच्या समोर बसून टोपीला पट्टी शिवली. नर्सपुढे तो बोलत नाही.

त्या आठवड्यात डेक्लन एकदा किचनमध्ये येऊन बसला. चहा घेतला. मग म्हणाला, "तुला कसं कळलं?"

"कळलं नव्हतं. म्हणूनच."

"नाही. सगळे म्हणाले असते, मार. तू का नाही म्हणालास?"

तेव्हा मी त्याला लान्स नायक भरत शेलारबद्दल सांगितलं. वैशालीला माहीत होतं. गार्गीने पहिल्यांदाच ऐकलं. फोन खाली ठेवून ऐकलं.

आमची पोस्ट उंचावर होती. खाली नाला. त्या रात्री थर्मल माझ्या हातात होतं. ०१३५ ला नाल्यातून एक ठिपका सरपटत वर येताना दिसला. मी रिपोर्ट दिला: एक माणूस, सरपटत. एलएमजीवर, म्हणजे लाइट मशीनगनवर, शेलार होता. मी म्हणालो, "शेलार, टार्गेट." तो म्हणाला, "हवालदारसाहेब, गरम आहे एवढंच कळतंय. कोण आहे ते कळत नाही." मी पुन्हा सांगितलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं. मग पोस्ट कमांडरची परवानगी मागून तो स्वतः बघायला उतरला. त्या काळी ओळखायचं साधन एकच होतं: जवळ जाणं.

तो खालच्या वस्तीतला गुराखी होता. म्हातारा. पाय मोडलेला. शेलारने त्याला पाठीवर घेतलं. शेवटच्या वळणावर पलीकडून फायर आलं. म्हाताऱ्याला आम्ही आत ओढलं. तो जगला. शेलार ०२५० ला गेला. वय सव्वीस. गाव पाटण तालुक्यात. त्याच्या आईला भेटलो तेव्हा तिने एकच विचारलं: ज्याला आणायला गेला, तो वाचला का? मी हो म्हणालो.

नंतर पुष्कळांनी मला सांगितलं की झाडली असती गोळी तर पोरगा वाचला असता. एका अनोळखी म्हाताऱ्यासाठी गेला, म्हणाले. मी तेव्हाही ऐकून घेतलं नाही, आजही घेत नाही. शेलार बरोबर होता. चूक माझी होती, आणि ती त्याने मला करू दिली नाही.

डेक्लनने कप खाली ठेवला. म्हणाला, 'आयडेंटिफाइड' आणि 'नॉट आयडेंटिफाइड' रेडिओवर फार सारखे वाटतात. पुढचं 'नॉट' खरखरीत गेलं तर घोटाळा होईल. एकच शब्द हवा, जो चुकून कोणी बोलणार नाही.

तो हंगाम गेला, पुढचा आला. कोल्हे येतात. काही आम्ही घेतले, बरेच सोडले. आम्ही ठरवलेल्या शब्दाचा उच्चार डेक्लनला अजून जमत नाही, तो 'शेल्लर' म्हणतो. रात्री ठिपका दिसला की रेडिओवर त्याचा आवाज येतो, "शेल्लर?" मी डावा डोळा लावतो, कान, शेपटी, डोळे बघतो. खात्री झाली तर ते नाव उच्चारतो. नाही झाली तर गप्प राहतो, आणि त्या शेतात गोळी सुटत नाही.