दहा लाख एक

गणित शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. निवृत्त झाले तरी खोड काही जाईना. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत जिन्याखाली नोटिशींचा फळा आहे. त्याच्या कोपऱ्यात दर रविवारी मी खडूने एक कोडं घालते. कुणी सोडवत नाही, ते सोडा.

त्या रविवारी लिहिलं होतं: '१०,००,००१ ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग जात नाही. पटत नसल्यास सिद्ध करावे. मोबाइल वापरू नये.'

शेवटची ओळ सुनेसाठी होती, खोटं कशाला बोलू? ती अमरावतीकडची, खराडीत कॉम्प्युटरवर काम करते. महिन्यापूर्वी सतराला पंधराने गुणायला तिने मोबाइल काढला आणि मी बोलून गेले, "बॅटरी संपली की अक्कलही संपत असेल, नाही?" तेही पाहुण्यांसमोर. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मग एक दिवस मुलगा म्हणाला, "आई, वाघोलीला भाड्याने फ्लॅट बघतोय. तिला ऑफिस जवळ पडेल." ऑफिस कसलं! माझी जीभ लांब पडेल, हे मला कळत होतं. पण माफी मागायला मी आजवर फक्त मुलांना लावलं होतं, स्वतः कधी मागितली नव्हती.

बुधवारी भाजी घेऊन येताना पाहते तर कोड्याखाली उत्तर: '१००³ + १³. नववीचे सूत्र. म्हणून १०१ × ९९०१. मोबाइल वापरलेला नाही.'

अगं बाई! दोन घनांची बेरीज! जन्मभर मुलांकडून घोकून घेतलेलं सूत्र, आणि मी बसले होते एकेका मूळ संख्येने भागत. सत्त्याण्णवपर्यंत गेले आणि कंटाळून म्हटलं, आता काय जातोय भाग! पुढचीच मूळ संख्या एकशे एक. एक पाऊल आधी थांबले होते.

शेपटी वळवलेला तो नऊ मला सुनेने फ्रिजवर लावलेल्या सामानाच्या यादीतून ठाऊक होता. वर आले. सून त्या दिवशी घरूनच काम करत होती. ओट्यापाशी चहा टाकत होती.

"फळ्यावर तू लिहिलंस?"

"हो, आई. राग आला का?"

"आला. माझाच. हे सूत्र कुणी शिकवलं तुला?"

"आमच्या मॅडमनी. तुमच्यासारख्याच होत्या, तोडून बोलायच्या. घरी येऊन मी रडायची. पण गणित त्यांच्यामुळेच आवडलं."

मला एकदम भरून आलं. म्हटलं, "वाघोलीला जाऊ नका गं. मी चुकले. त्या दिवशी पाहुण्यांसमोरसुद्धा."

तिने चहा गाळला. "फ्लॅटचं बघू. आधी ती मोबाइलची ओळ पुसून या."

"चहा निवेल."

"झाकून ठेवते."

खडू घेऊन खाली गेले. ओळ पुसली आणि त्या जागी लिहिलं, 'उत्तर बरोबर. चूक माझी.' तीस वर्षांत फळ्यावर हे मी पहिल्यांदाच लिहीत होते. वर आले तेव्हा दोन्ही कप झाकलेले होते. ती माझ्यासाठी थांबली होती.