उठ, पाणी पाह्यतो

आमच्या भाऊजींनी आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही, कुणाला फसवलं नाही, कुणाचा शब्द खाली पडू दिला नाही. त्यांनी फक्त कुणाला स्वस्थ बसू दिलं नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कारंज्याला त्यांचं सरकी-ढेपेचं दुकान होतं, आणि जगातली प्रत्येक वस्तू कुणीतरी चुकीच्या जागी ठेवली आहे अशी त्यांची पक्की समजूत होती. दुकानातला तराजू उन्हाळ्यात दाराशी असे, पावसाळ्यात मागच्या भिंतीशी. घरातली बंगई, म्हणजे झोपाळा, माजघरातून ओसरीत, ओसरीतून परसात हिंडून पुन्हा माजघरात आली, तेव्हा कड्यांच्या जुन्या भोकांत चिमण्यांनी संसार मांडला होता. पाहुणा खुर्चीवर टेकला की भाऊजी दोन पावलं मागं सरत, मान तिरपी करून त्याच्याकडं बघत आणि म्हणत, "जरा उठता काय?" पाहुणा उठे. खुर्ची खिडकीपाशी जाई, तिथं ऊन लागतं म्हणून खांबापाशी येई, तिथं वाट अडते म्हणून परत जागेवर येई. चहा येईस्तोवर पाहुण्याला आपण बसायला आलो होतो की हमाली करायला, हेच उमगत नसे. एवढं होऊनही त्यांच्याकडं माणसांची वर्दळ कमी नव्हती, कारण चहा उत्तम असे आणि तो देणारी माझी बहीण त्याहून उत्तम होती.

अशा माणसाच्या हाती मोटार लागू नये. पण सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास एका देशमुखांच्या गोठ्यात कडब्याखाली एक म्हातारी विलायती गाडी सापडली आणि भाऊजींनी ती घेतली. गाडी दिसायला भारदस्त होती. खोट एवढीच की तिची बॅटरी पुढं इंजिनाजवळ नव्हती. ती होती ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला, शेजारच्या सीटच्या खाली, तळाला पाडलेल्या एका खड्ड्यात. आधी सीटवरची गादी काढायची, मग तिच्याखालची फळी, मग एक पत्रा, तेव्हा कुठं बॅटरीचं तोंड दिसे. ज्या साहेबानं ही रचना केली त्याची मडम एकतर मागं बसत असावी किंवा त्याचं लग्नच झालेलं नसावं. इथं मात्र त्या सीटवर ताई बसणार होती. नवऱ्याच्या शेजारी, पुढच्या सीटवर, स्वतःच्या मोटारीतून माहेरी वाशीमला जायचं, हे तिनं गाडी घरी यायच्या आधीच आमच्या सगळ्या आळीला कळवून ठेवलं होतं.

बॅटरीत पाणी लागतं, हे भाऊजींना कुणीतरी सांगितलं होतं. किती दिवसांनी लागतं, हे बहुधा त्यांनी ऐकून घेतलं नाही. आपल्या वऱ्हाडातल्या उन्हात जिथं विहिरी आटतात तिथं बॅटरी काय टिकणार, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून बाभळीची जरा सावली दिसली की गाडी थांबे आणि भाऊजी म्हणत, "अवं, उठ. पाणी पाह्यतो." ताई उतरे. तिच्या हातात गादी दिली जाई. फळी रस्त्याच्या कडेला उभी राही, भाऊजी डोकं खाली आणि पाय बाहेर अशा अवस्थेत बॅटरीची बुचं उघडून एकेका भोकात डोकावत, आणि पाणी जिथल्या तिथं आहे असं बघून समाधानानं बुचं लावत. हे पाणीही साधं नव्हतं. पहिल्या पावसाचं नको, नंतरच्या दमदार पावसाचं, धुतलेल्या धोतरातून गाळलेलं पाणी एका वेगळ्या माठात राखून ठेवलेलं असे. दुष्काळाच्या सालात घरी आलेल्या व्याह्यांनी चुकून त्या माठात पेला बुडवला आणि असं गोड पाणी साऱ्या कारंज्यात नाही म्हणून तोंड भरून स्तुती केली. भाऊजी वरून हसले. पण पुढच्या मुक्कामात व्याह्यांची खाट त्यांनी माठापासून शक्य तितक्या लांब नेऊन टाकली.

पहिल्याच प्रवासात ताईचं व्हायचं ते झालं. कारंजा सोडून मंगरूळच्या अलीकडं ती रस्त्याच्या कडेला छातीशी गादी धरून उभी होती. मागून एक दमणी आली. बैलं हाकणाऱ्या म्हाताऱ्याला मोटारीतून बाहेर आलेले भाऊजींचे पाय दिसले नसावेत. त्याला दिसली ती भर उन्हात गादी कवटाळून उभी असलेली सुवासिनी. त्यानं दमणी थांबवली आणि विचारलं, "बाई, गादी घेऊन कुठी चालल्या? रुसल्या काय?" ताई म्हणाली, माहेरी चालले. म्हाताऱ्यानं अधिक काही विचारलं नाही, लेकीबाळींच्या बाबतीत विचारायचं नसतं. त्यानं जागा करून दिली आणि ताई गादीसकट दमणीत बसली. भाऊजींनी वर बघितलं तेव्हा बॅटरीचं पाणी जागेवर होतं आणि बायको नव्हती. घाईघाईनं गाडी सुरू करायला गेले तर ती सुरू होईना. ताई मंगरूळच्या स्टँडवर चहा पिऊन बसली होती, तेव्हा धक्का मारून सुरू केलेली गाडी घेऊन मागाहून भाऊजी आले. ते आधी गादीबद्दल बोलले, मग तिच्याबद्दल. तरी ती गादी स्वतःच्या हातानं सीटवर घालून ताईला आधी बसवलं आणि मगच गाडी हलवली, असं ताईच सांगायची.

त्या दिवशी बॅटरीची जागा बदलायची हे ठरलं. आधी ती डिक्कीत गेली. तिथून इंजिनापर्यंत लांबलचक वायर आली, सीटखालून, पायांखालून, कडेकडेनं. मिस्त्री म्हणाला, एवढ्या लांबून जोर पोचायचा नाही. भाऊजींनी त्याला विहिरीपासून संत्र्याच्या बागेपर्यंत पाणी कसं जातं ते समजावलं. मिस्त्रीनं मान डोलावली, कारण त्याला मजुरी रोख मिळत होती. बॅटरीचा जोर मात्र वाटेतच कुठंतरी मुरला. गाडीचं इंजिन एकदा खोकलं, दोनदा कण्हलं आणि गप्प झालं. मग धक्का. धक्का द्यायचा तर गाडी हलकी हवी, म्हणून पुन्हा ताईला उठायला लागे. त्यात भर म्हणून डिक्कीत बॅटरीच्या शेजारी ताईची पेटी असे, आणि पेटीतल्या लुगड्यांना बारीक बारीक भोकं पडू लागली. ती कसर आहे असं समजून ताईनं आख्खा उन्हाळा डांबराच्या गोळ्या घातल्या. कसर नव्हे, बॅटरीचं तेजाब आहे हे कळलं तेव्हा भाऊजी इतकंच म्हणाले की, पेटीची जागा चुकली.

मग बॅटरी बाहेर आली. डाव्या दारापाशी पायरीसारखी लांब फळी होती, तिच्यावर सुताराकडून एक लाकडी पेटी करून बसवली. सुतार हौशी होता. त्यानं पेटीला दोन पानांचं दार केलं, वर लहानसा कळस ठेवला, पितळी कडी लावली आणि शेंदरी रंग शिल्लक होता तो दिला. आता पाणी बघायला गादी काढावी लागत नव्हती, पण डावं दार उघडत नव्हतं. ताईला उजवीकडून चढायला लागे, म्हणजे आधी ती, मग भाऊजी. आणि तिला उतरायचं तर आधी भाऊजींनी उतरायचं. एका बाजाराच्या दिवशी शिरपूरला गाडी थांबली असताना एक म्हातारी आली, पेटीपुढं वाकली, दारावर कुंकू लावलं आणि आत ताई दिसली म्हणून तिला विचारलं की हा कोणता देव. ताईनं काचेतून शांतपणे सांगितलं, "कोनाले बसू देत नाही, थो देव व्हय, आजी." म्हातारीनं पुन्हा एकदा हात जोडले. असा देव तिच्या ओळखीचा असावा.

भाऊजींना ते लागलं. तसे ते चिडणारे नव्हते; लागलं की गप्प होत आणि घरातलं काहीतरी इकडचं तिकडं करत. त्या आठवड्यात माझं लग्न वाशीमला ठरलं होतं आणि हळदीला ताई हवी होती. तिला काय पाहिजे ते सांग, लुगडं घेऊ की पाटल्या मोडून नव्या करू, असं भाऊजींनी विचारलं. ताई ज्वारी निवडत होती. ती वर न बघता म्हणाली, "मले लुगडं नोको, पाटल्या नोको. एक डाव कारंज्याले बसली का वाशीमलेच उठीन, असं न्या मले." हे मला भाऊजींनीच नंतर सांगितलं, आणि सांगताना ते माझ्याकडं न बघता माझ्या घरातल्या कपाटाची जागा बघत होते.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी शेंदरी पेटी उतरवली. आपल्या स्वतःच्या सीटखालचा तळ कापून घेतला आणि बॅटरी तिथं, ड्रायव्हरच्या खाली बसवली. आता उठायचं ते त्यांनी, गादी काढायची ती त्यांची, भोकं पडणार ती त्यांच्या धोतराला. मिस्त्रीनं भीत भीत विचारलं की साहेब, ही काय जागा झाली. भाऊजी म्हणाले, "ज्याची बॅटरी, त्याच्या बुडाखाली." इतक्या वर्षांत एखाद्या वस्तूच्या जागेबद्दल त्यांनी घेतलेला हा एकच निर्णय मला निर्विवाद वाटतो.

हळदीच्या दिवशी आम्ही मांडवाच्या तोंडाशी उभे होतो. गाडी आली. भाऊजी उतरले, त्यांच्या पांढऱ्या धोतराला मागं चाळणीसारखी भोकं पडली होती, पण चेहरा असा की जणू त्यांचंच लग्न आहे. मी धावत दुसऱ्या बाजूला गेलो आणि ताईला विचारलं, बसून आलीस ना गं शेवटपर्यंत? ताईनं आधी पदर झटकला. तिचं लुगडं धुळीनं भरलं होतं आणि पायांना बाभळीचे काटे लागले होते. मग कळलं ते असं. वाटेत भाऊजींनी सवयीप्रमाणे बाभळीखाली गाडी थांबवली आणि सवयीप्रमाणेच म्हणाले, "पाणी पाह्यतो." ते उतरून आपली गादी काढतात तोवर दुसऱ्या बाजूनं ताई आपली गादी छातीशी धरून रस्त्यावर उभी. प्रत्येक बाभळीखाली हेच. भाऊजी म्हणत, अवं तू कायले उठली. ती म्हणे, मी कुठी उठली, आपसूकच उठल्या गेलं. दोघं आपापली गादी घेऊन गाडीच्या दोन बाजूंना उभे राहत, आणि मधे बॅटरी एकटी गाडीत बसलेली असे. आम्ही मांडवात पोट धरून हसलो. ताईही हसली. भाऊजी तेवढे हसले नाहीत.

पुढं ती गाडी भंगारात गेली, एसटी वाढल्या, मुलांनी स्कूटरी घेतल्या. साऱ्या जगाला उठवणारे भाऊजी शेवटच्या आजारातून मात्र उठले नाहीत. मी कारंज्याला भेटायला गेलो, तेव्हा त्यांची खाट खिडकीपाशी होती आणि ती हलवायला त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, हेच मला वाईट लक्षण वाटलं. ताई शेजारी खुर्चीवर बसली होती. दुपारी भाऊजींनी डोळे उघडले आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "पाणी." ताई उठली. उठली आणि वळून खुर्चीवरची उशी दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरून उभी राहिली. क्षणभर तिलाच कळलं नाही आपण काय केलं ते. भाऊजींना कळलं. त्यांचे खांदे हलले, आवाज आला नाही, पण ते हसत होते, मांडवात हसायचं राहून गेलं होतं तेही हसून घेत होते. पाणी मी आणलं. त्यांनी एक घोट घेतला, पेला परत दिला आणि खुर्चीकडं बोट दाखवून ताईला म्हणाले, "बस. आता उठू नोको."

ताईनं उशी खाली ठेवली आणि बसली. ऊन खिडकीतून सरकत तिच्या अंगावर आलं, तरी तिनं खुर्ची हलवली नाही. दिवेलागणीची वेळ झाली, तेव्हा दिवा मीच लावला.