न कापलेला कोपरा

परभणीत आमचं सिनेगॉग नाही. तोरा म्हणजे आमचा धर्मग्रंथ, त्याच्या गुंडाळीतून वाचायचं तर आमच्यातले दहा पुरुष जमावे लागतात, आणि इथे आम्हा यहुद्यांचं एकच घर. कृषी विद्यापीठात नोकरी लागली म्हणून माझे यजमान अलिबागकडून इथे आले आणि इथलेच झाले. दर शनिवारी सकाळी अंघोळ करून ते छापील पुस्तक उघडायचे. त्या आठवड्याचा भाग आधी हिब्रूतून, मग मराठीतून. जगात जिथे जिथे आमची माणसं आहेत तिथे आज हाच भाग वाचत असतील, एवढं त्यांना पुरायचं. मी ऐकत बसायची.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. पुस्तक कपाटात राहिलं. शनिवार आला की मी मुद्दाम झोपून राहायची.

शेजारी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. बौद्ध आहेत. ऊन तापायला लागल्यावर एका शनिवारी त्या आल्या आणि माझ्या पलंगाजवळ बसल्या.

"ताई, सर असते तर आज काय वाचलं असतं?"

मला सांगता येईना. आमच्या सणांचं कॅलेंडर काढून पान शोधावं लागलं. हिब्रू वाचताना अडखळले, मग मराठीकडे वळले. पीक कापताना शेताचे कोपरे सोडून द्यावेत, खाली पडलेला सरवा मालकानं वेचू नये, तो गरिबासाठी नि परक्यासाठी राहू द्यावा, असा त्यात हुकूम आहे.

"थांबा," बाई म्हणाल्या. "परत वाचा."

मी परत वाचलं.

"वालूरकडं आमची आई ज्वारीचा सरवा वेचायला जायची. मी सात वर्षांची असंन. मालकाच्या माणसानं तिला ओचा झाडायला लावला. तिनं सगळी कणसं खाली टाकली. माझ्या मुठीत एक होतं, तेबी काढून घेतलं." मग त्यांनी विचारलं, "हे तुमच्यात दरसाल वाचतात?"

"दरसाल."

"आन् पाळतात?"

"बाई, आमच्याकडे शेतच नाही," मी म्हणाले, आणि बोलल्यावर लाज वाटली. इतकी वर्षं तो भाग मी ऐकला होता, पण तो फक्त माझ्या कानाच्या ओळखीचा होता.

काही आठवड्यांनी शावुओथ आला, तोरा मिळाल्याचा सण. त्या दिवशी एका परदेशी विधवेची गोष्ट वाचतात. सासूबरोबर ती उपाशी येते आणि दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते. या वेळी पुस्तक बाईंनी हातात घेतलं. शेताचा मालक मजुरांना सांगतो, तिच्यासाठी मुद्दाम थोडं पडू द्या, तिला रागावू नका. तिथे बाई चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिल्या. पुढचं मी वाचलं.

आता शनिवारी आम्ही दोघी बसतो. काही भाग नुसते यज्ञांचे नि मापांचे असतात. बाई कंटाळतात, तसं सांगतातही. पण मी पान उलटायला गेले की हात धरतात. "लिवलेलं हाय तर वाचा, ताई."