आम्ही तिला घेरी म्हणायचो

दिगंबर गेल्याचं कळलं तेव्हा मी गंगापूरहून येणाऱ्या एसटीत होतो. भाचीचं लग्न उरकून तीन दिवसांनी परतत होतो, डोळे मिटत होते, तेवढ्यात मंदावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे न्हाणीत पडले..." एवढंच त्या बोलल्या, मग कुणीतरी त्यांच्या हातून फोन घेतला आणि उरलेलं सांगितलं. मुकुंदवाडीत पोचलो तोवर दारात माणसं जमली होती आणि जो तो हार्ट अटॅक म्हणत होता. मी मेडिकल दुकानवाला, त्यामुळं अशा वेळी लोक माझ्याकडं अर्ध्या डॉक्टरसारखं बघतात. शेजारच्या एकानं विचारलं, "अटॅकच ना हो?" मी हो म्हणालो. त्यानंतरचे पाच आठवडे मी भेटेल त्याला हेच सांगत आलो. आज वहिनींना आणि त्यांच्या मुलाला, ओंकारला, विचारून खरं लिहितो आहे, कारण खोटं सांगून सांगून मी दमलो.

दिगू आणि मी दोघंही देवगाव रंगारीचे, एका बाकावर बसून शिकलो. शहरात आलोही मागेपुढे. मी मुकुंदवाडीत दुकान टाकलं, तो चिकलठाण्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायला लागला. माणूस असा की चिठ्ठीशिवाय एक नट बाहेर सोडणार नाही. एकदा साहेबाच्या मेहुण्यानं बल्ब मागितला, तर त्यालाही चिठ्ठी आणायला परत पाठवलं. त्या साहेबानं पुढं वर्षभर दिगूशी नीट बोलणं टाकलं, पण याला त्याचं काही नाही. दिगूला देवानं वर बोलावलं तरी हा आधी चिठ्ठी मागेल, असं मी चारचौघांत म्हणायचो आणि तोही हसायचा. ही थट्टा मी किती वेळा केली असेल कोण जाणे. आता आठवली की स्वतःचाच राग येतो.

अकरा वर्षांपूर्वी गावाकडून येताना त्याची मोटारसायकल घसरली आणि डोक्याला मार बसला. जखम भरली, पण सहा महिन्यांनी पहिल्यांदा फिट आली. आमच्यात या आजाराकडं कुणी आजार म्हणून बघत नाही. कुणी नाकाला कांदा लावतं, कुणी चप्पल हुंगवतं, कुणी बाहेरचं काही आहे म्हणून लिंबू उतरवतं, आणि त्या घरात मुलगी द्यायची का नाही यावर दहा घरांत चर्चा होते. म्हणून दिगूच्या घरात तो शब्दच काढायचा नाही असं ठरलं. घेरी म्हणायचं. ओंकार तेव्हा सहा-सात वर्षांचा असेल, तो "पप्पाला घेरी आली" असंच म्हणत मोठा झाला. मेंदूच्या डॉक्टरांचा इलाज चांगला होता. रोज संध्याकाळी एक गोळी. तिचं प्रमाण बसायला दोनेक वर्षं गेली, पण पुढची आठ वर्षं त्याला काही झालं नाही. कंपनीत कुणाला पत्ताही नव्हता.

ओंकारनं लष्करी अकादमीची लेखी परीक्षा काढली आणि पाठोपाठ ती पाच दिवसांची मुलाखतही काढली, तेव्हा दिगू आठवडाभर जमिनीवर नव्हता. मग कुणीतरी त्याच्या कानात भरवलं, की मेडिकल तपासणीला पोराचं सगळं खानदान तपासतात आणि घरात फिट निघाली की फाइल बंद. वर पोलीस चौकशीला घरी येतात, ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला, गिऱ्हाईक जाईपर्यंत कडेला उभा राहिला आणि म्हणाला, "सुध्या, माझी गोळी आता इथंच ठेव. मी रोज येऊन खात जाईन. घरात पाकीट दिसायला नको." डॉक्टरांचे कागद त्यानं आदल्या दिवशीच फाडून टाकले होते. मी चेष्टेनं हात पुढं केला, चिठ्ठी म्हणून. "चिठ्ठी नाय," तो म्हणाला, आणि हसला नाही.

तेव्हाच मी त्याला घेऊन डॉक्टरांकडं जायला हवं होतं. बापाचा आजार पोराच्या आड येतो का, एवढा एकच प्रश्न विचारायचा होता. पण विचारायचं म्हणजे सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे दोनाचे चार कान होणार. शहाणे आम्ही दोघंही! मी पाकीट गल्ल्याच्या खालच्या खणात टाकलं आणि गप्प बसलो.

मग सुरू झालं वाट बघणं. मेडिकलला ओंकारच्या नाकाचं हाड वाकडं निघालं, तात्पुरता अपात्र असा शेरा पडला. यात सूट मागता येत नाही, दोष दुरुस्त करून मुदतीत अपील करायचं असतं. ऑपरेशन झालं, अर्ज गेला, पुण्याला फेरतपासणीच्या बोलावण्याची वाट सुरू झाली. दिगू रोज संध्याकाळी सातला यायचा, माझ्याच बाटलीतलं पाणी घ्यायचा, रस्त्याकडं पाठ करून गोळी गिळायचा. मी विचारायचो, आलं का काही. तो नाय म्हणायचा. मग दोघं थोडा वेळ रस्ता बघत बसायचो. त्या महिन्यांत तो वाळला, कानशिलं पांढरी झाली. पोरगं मात्र पहाटे पळायला जायचं, पोटभर जेवायचं, गाढ झोपायचं... परीक्षा जणू बापाचीच चालली होती.

पुण्याचा निकाल लागला तो दिवस अजून डोळ्यापुढं आहे. ओंकार रेल्वेनं परत येणार होता, दिगू त्याला घ्यायला मुकुंदवाडी स्टेशनवर गेला आणि तिथून मला फोन केला. गाडीच्या आवाजात मला "सुध्या... फिट..." एवढंच ऐकू आलं. मी गल्ला उघडा टाकून तसाच पळत सुटलो. स्टेशनवर जाऊन बघतो तर हा पेढ्यांचा पुडा घेऊन अनोळखी माणसांना पेढे वाटतोय. माझा धापा टाकणारा अवतार बघून त्याला उलगडा झाला. "फिट म्हणलं म्हणून पळत आलास व्हय? अरे, ओंक्या फिट झाला," म्हणाला आणि हसता हसता बाकावर बसला. अकरा वर्षांत तो शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मग पोराला येताना बघून हळूच म्हणाला, "त्याच्यापुढं नको काढू."

फिट झाल्यानंतरही सुटका नव्हती. शेवटची यादी लागायची होती, जागा मोजक्या होत्या. त्यात गंगापूरचं लग्न निघालं. दुकान तीन दिवस बंद राहणार म्हणून मी दिगूला पाकीट देऊ केलं, खिशात ठेव, कुणाला दिसतंय. तो घेईना. पोलीस चौकशी अजून झाली नव्हती, आणि तो म्हणाला, "आठ वर्षं काय झालं नाय, तीन दिवसानं काय होतंय." औषध असं अचानक तोडायचं नसतं, हे मला माहीत होतं. रोज गिऱ्हाइकांना सांगतो मी. त्यालाही सांगितलं, एकदा, आणि मग मला एसटी गाठायची होती. चौथ्या दिवशी सकाळी तो न्हाणीत पडला, नळावर डोकं आपटलं.

नंतर मी एकटाच त्या डॉक्टरांकडं गेलो. मार लागून झालेला आजार पोरात उतरत नाही, म्हणाले. ओंकारनं मेडिकलच्या फॉर्ममध्ये सरळ लिहिलं असतं, कागद जोडले असते, तर दोन प्रश्न विचारून पुढं पाठवला असता. मी बाहेर येऊन त्यांच्या पायरीवर बसलो. अजूनही सात वाजले की माझा हात बाटलीकडं जातो.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी यादी लागली. ओंकारचं नाव होतं. वहिनींनी फोटोपुढं साखर ठेवली आणि त्या आत निघून गेल्या.

गेल्या रविवारी ओंकार दुकानात आला. रुजू होताना द्यायचा फॉर्म होता, इंग्रजी एकदा बघून द्या म्हणाला. आईवडिलांचा रकाना होता, हयात की मयत, मयत असल्यास कारण. त्यानं हार्ट अटॅक लिहिलं होतं. मी ते वाचून फॉर्म परत दिला नाही, तसाच धरून राहिलो. त्यानंच विचारलं, "काका, घेरीला खरं काय म्हणतात?"

मी सांगितलं. मग सगळंच सांगितलं... कागद, खण, गोळी, गंगापूर. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. आधीच्या फॉर्ममध्ये त्यानं घरात असा आजार नाही असं लिहिलं होतं, ते आठवून त्याचा चेहरा उतरला. तुला ठाऊकच नव्हतं, मी म्हणालो.

"म्हणजे तेव्हा खरं लिहिलं असतं, तरी मला घेतलं असतं?"

मला 'नाही' असंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं असतं तर दिगूचं मरण निदान पोराच्या कामी आलं असतं. पण तेवढं खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती. "घेतलं असतं," मी म्हणालो.

ओंकारनं पेन मागितलं. हार्ट अटॅकवर सरळ रेघ मारली आणि वरच्या चिमूटभर जागेत, मला स्पेलिंग विचारून, आजाराचं खरं नाव लिहिलं. लिहून झाल्यावर त्याकडं बघत बसला.

"काका, हे बी खरं कारण नाय," तो म्हणाला. "पप्पा भ्याले."

आणि फॉर्म घडी करून त्यानं पाकिटात घातला.