सात स्कूटरी आणि एक मोबाईल नंबर

माझ्या बायकोच्या स्कूटरच्या पुढच्या ब्रेकमध्ये दोष आहे, हे कंपनीने मला सात वेळा कळवलं आणि सातही वेळा मी कंपनीला ब्लॉक केलं.

आता यात माझीही एक बाजू आहे. (ती घरात कुणी ऐकून घेत नाही, म्हणून इथे लिहितोय.) ऑफिसात एकदा सायबर फसवणुकीवर अर्ध्या तासाचं भाषण झालं होतं. त्यातली वीस मिनिटं मी जागा होतो. तेवढ्या भांडवलावर मी नवीन पनवेलातल्या आमच्या गुलमोहर सोसायटीचा सायबर तज्ज्ञ झालो. कुणाला बँकेचा मेसेज आला की तो आधी माझ्याकडे यायचा, मी भुवया आकसून तो वाचायचा आणि म्हणायचं, "फ्रॉड!" माझा हा शब्द ऐकल्याशिवाय आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी विजेचं बिलसुद्धा भरत नसे.

तर त्या दिवशी मेसेज आला. "आपल्या स्कूटरच्या पुढच्या ब्रेकचा भाग सुरक्षेसाठी विनामूल्य बदलून दिला जाईल. कृपया सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधावा."

विनामूल्य! स्कूटरच्या कंपनीने! मी हसलोच. हसतोय तोवर दुसरा आला, तस्साच. मग तिसरा. चहा संपेपर्यंत सात झाले.

"बघ," मी बायकोला म्हणालो, "घरात स्कूटर एक आणि मेसेज सात! प्रत्येकाच्या खाली लांबलचक नंबर, तोही दर वेळी वेगळा. फसवायचं तर नीट तरी फसवा!"

"पण ब्रेकचं लिहिलंय ना? एकदा शोरूमला विचारून घ्या," वैशाली म्हणाली.

"अगं, हेच तर त्यांना हवं असतं!"

दोन दिवसांनी एका मुलीचा फोन आला. आवाज गोड. "सर, आपल्या वाहनाच्या रिकॉलसंदर्भात बोलायचं होतं. सदोष भाग बदलण्यासाठी कंपनीने गाड्या परत बोलावल्या आहेत..."

"ताई," मी म्हणालो, "तुम्ही हे काम करता हे तुमच्या आईवडिलांना ठाऊक आहे का?"

"हो सर, त्यांनीच इंटरव्ह्यूला सोडलं होतं."

किती निर्ढावलेली! ब्लॉक. तिच्यानंतर आलेले सगळे नंबरही ब्लॉक. मग मी सोसायटीच्या ग्रुपवर खणखणीत इशारा टाकला: "सावधान!!! स्कूटर रिकॉलच्या नावाखाली नवा फ्रॉड! कुठेही जाऊ नका! कुणालाही गाडी देऊ नका!" अंगठ्यांचा पाऊस पडला. आमचे सेक्रेटरी पाटकर यांनी तर तो मेसेज त्यांच्या साडूच्या ग्रुपवरही पाठवला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण त्याच आठवड्यात कमळामावशीने दारात मासळीची पाटी उतरवली. मावशी उरणकडच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. सकाळी बंदरावर मासळी घ्यायची, स्कूटरवर पायाशी टब ठेवायचा, उलव्याजवळच्या बांधकामांवरच्या डंपरांमधून वाट काढत आमच्याकडे यायचं, हा तिचा वर्षानुवर्षांचा धंदा. आधी टेम्पोने यायची, आता स्कूटरने.

"दादा, ऑइल बदलाया गेलते तं शोरूमवाला बोलला, बिरेक बदलाया गाडी आना. फुकट करतू बोलला. जाऊ का?"

"मावशी, अजिबात नाही!" मी बोंबील निवडता निवडता दहा मिनिटं तिला फ्रॉड म्हणजे काय ते समजावलं. "तोसुद्धा त्यांच्यातलाच असणार. फुकट म्हटलं की पळ काढायचा."

मावशीने सगळं शांतपणे ऐकलं, बोंबील तोलले आणि म्हणाली, "बरं."

मला फार समाधान वाटलं. एका कष्टकरी बाईला मी वाचवलं होतं!

पुढे महिनाभराने एका रविवारी सकाळी वैशाली म्हणाली, "अहो, पुढचा ब्रेक पोकळ लागतोय. काल खारघरला सिग्नलला गाडी थांबतच नव्हती. पाय टेकून थांबवली."

वैशाली खारघरच्या शाळेत शिकवते. रोज त्याच स्कूटरने जाते. एखाद्या शहाण्या नवऱ्याने इथे किल्ली काढून घेतली असती. मी म्हणालो, "तुझी पकड कमी पडते. थांब, दाखवतो."

आमच्या पार्किंगमधून फाटकाकडे चांगला उतार आहे. मी स्कूटर वर नेली. वॉचमन, दूधवाला, पाटकर आणि माझी मुलगी ईशा एवढा प्रेक्षकवर्ग जमला. "बघा," मी जाहीर केलं, "फक्त पुढचा ब्रेक! मागच्याला हात लावणार नाही!"

निघालो. मध्यावर ब्रेक दाबला. लिव्हर लोण्यात सुरी जावी तसा सरळ मुठीला जाऊन टेकला आणि स्कूटरला त्याची काही खबरच लागली नाही. मागचा ब्रेक होता, कबूल. पण चारचौघांत शब्द दिला होता! त्या तीन सेकंदांत जीव आणि अब्रू यांच्यात मी अब्रू निवडली आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी आणलेल्या वाळूच्या ढिगात खांद्यापर्यंत गेलो.

वाळूतून तोंड वर काढलं तेव्हा वैशाली समोर उभी होती.

"काल माझ्यापुढे वाळू नव्हती," एवढंच म्हणाली. "बस होती."

मी ठरवलं, आता या प्रकरणाचा छडा लावायचाच!

ईशा म्हणाली, "बाबा, कंपनीच्या साइटवर चॅसिस नंबर टाकला की गाडी रिकॉलमध्ये आहे का ते कळतं. मेसेजमधली लिंक उघडायची नाही, साइट आपली आपण शोधायची. फ्रॉड वाटलं तर हेच करायचं असतं."

हा भाग बहुधा भाषणाच्या उरलेल्या दहा मिनिटांत होता.

चॅसिस नंबर गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला असतो, एवढं मला ठाऊक होतं. पण आमच्या स्कूटरची दोन दसरे पूजा झालेली. नंबराच्या जागी हळदीकुंकवाचा असा थर की खाली नंबर आहे की नाणं, सांगता येऊ नये! मी जमिनीवर आडवा पडून टॉर्च तोंडात धरला आणि वैशालीच्या स्वयंपाकघरातल्या उलथन्याने वीस मिनिटं खरवडलं. पिवळ्या तोंडाने उठून म्हणालो, "पहिली दोन अक्षरं दिसली!"

"आरसीवर असतो तो नंबर," ईशा म्हणाली. तिचं केव्हाच टाकून झालं होतं. "आहे रिकॉलमध्ये. ब्रेक बदलेपर्यंत गाडी चालवायची नाही, असं स्पष्ट लिहिलंय. पण बाबा, मेसेज सात का आले?"

आणि तिथेच, उलथनं हातात धरून, मला दोन वर्षांपूर्वीचा दसरा आठवला.

त्या दसऱ्याला सोसायटीने मिळून एकाच मॉडेलच्या सहा स्कूटरी घेतल्या होत्या. एकत्र घेतल्या तर सवलत मिळेल, ही माझी कल्पना. कमळामावशीलाही मीच त्यात ओढलं, म्हणजे सात. शोरूममध्ये ही झुंबड! फॉर्म भरणारा पोरगा म्हणाला, "सर, प्रत्येकाचा मोबाईल नंबर सांगा." मी छाती पुढे काढून म्हणालो होतो, "सगळीकडे माझाच टाका. या ग्रुपचा प्रमुख मी आहे!"

सात गाड्या, सात मालक, सात चॅसिस नंबर, सात मेसेज. आणि सगळे एकट्या माझ्या फोनवर! त्या पोकळ ब्रेकवर सात घरं महिनाभर फिरत होती आणि त्यांच्यापर्यंत पोचणारा प्रत्येक निरोप मी जातीने अडवत होतो.

ताबडतोब ग्रुपवर लिहिलं: "रिकॉल खरा आहे! गाड्या चालवू नका! किल्ल्या माझ्याकडे आणून द्या!"

पाटकरांचं उत्तर आलं: "सर्वांनी सावध राहा. सावंतांचा फोन हॅक झाला आहे." आणि दुसऱ्या मिनिटाला मला ग्रुपमधून काढून टाकलं.

मी जिने चढत सुटलो. पाटकरांनी दाराची साखळी काढलीच नाही. फटीतून माझ्या पिवळ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "तुम्हीच सावंत कशावरून?"

"अहो, काय बोलताय! रोज भेटतो आपण!"

"तुम्हीच सांगितलंय, ओळखीचा चेहरा दिसला तरी खात्री करायची. मागच्या सभेत पार्किंगच्या वादात मी तुम्हाला काय म्हणालो होतो?"

मी खाली बघितलं. "मूर्ख."

"या, आत या," पाटकरांनी साखळी काढली.

पाटकर पटल्यावर बाकीची चार घरं पटापट पटली. ईशाने कंपनीच्या साइटवरून घेतलेल्या नंबरावर फोन लावला, सहाही चॅसिस नंबर सांगितले, वेळ ठरवली. "गाड्या चालवत आणू नका, न्यायला टेम्पो पाठवतो," असं पलीकडून सांगितलं. (आवाज तोच गोड. मी ईशाला खुणेनेच सांगितलं, माझं नाव घेऊ नकोस.) माझ्या खिशात सहा किल्ल्या खुळखुळत होत्या. मी विजयी मुद्रेने वैशालीसमोर त्या ओतल्या.

तिने मोजल्या. "सातवी?"

रविवार. साडेदहा. म्हणजे मावशी या घटकेला वाटेत होती! पायाशी मासळीचा टब, आजूबाजूला डंपर, पुढे पनवेलच्या पुलाचा उतार. आणि तिने मला विचारलं होतं. चक्क दारात बसून विचारलं होतं! आणि मी तिला जाऊ दिलं नव्हतं.

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"उचलणार नाही ती," वैशाली म्हणाली. "गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हेही तुम्हीच शिकवलंय तिला. नेमकं तेवढं ऐकते."

मी धावत निघालो. गाडीला थांबवायचं तर लाल काहीतरी पाहिजे, म्हणून जाता जाता दारातलं लाल पायपुसणं उचललं. रिक्षा पकडली. रिक्षावाल्याला म्हणालो, "पुलाच्या उताराला सोडा! एका बाईच्या जिवाचा प्रश्न आहे!" त्याने माझं पिवळं तोंड बघितलं, पायपुसणं बघितलं आणि अशी रिक्षा हाणली की मला वाटलं, आधी माझाच रिकॉल होतोय.

पुलाखाली रस्त्याच्या कडेला उभा राहून मी पायपुसणं फडकवायला लागलो. ट्रकवाले हॉर्न वाजवून अभिवादन करू लागले. एकाने सुटे दोन रुपये टाकले. ट्रॅफिक हवालदार आला.

"काय हो, कसला प्रचार?"

"प्रचार नाही साहेब! एका बाईच्या गाडीला ब्रेक नाहीये, ती आत्ता इथून उतरणार आहे!"

"मग तुम्ही काय पायपुसण्याने अडवणार तिला?"

तेवढ्यात ती दिसली! उताराच्या माथ्यावर हिरवं लुगडं, हेल्मेट, पायाशी निळा टब. आणि वेग असा, जणू मासळी बर्फावर नाही तर विस्तवावर ठेवलीय. डोळ्यांपुढे वैशालीची ती बस आली. मी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, हटायचं नाही! पायपुसणं दोन्ही हातांत ताणून धरलं, थेट रस्त्यात उतरलो आणि डोळे मिटून ओरडलो, "मावशी! मागचा दाबा! मागचाऽऽ!"

करकचून आवाज झाला. मग गार पाण्याचा लोट अंगावर आला आणि पायांवर काहीतरी बुळबुळीत धपाधप पडलं. डोळे उघडले. स्कूटरचं पुढचं चाक माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर जागच्या जागी थांबलं होतं. टबातले बांगडे मात्र थांबले नव्हते. ते माझ्या पायांवर होते.

"मेल्या, मरायचं हाय काय?" मावशी कडाडली. मग हेल्मेटची काच वर करून तिने मला ओळखलं. "ओ दादा! तुमी? आनि ह्यो पिवला रंग कशाचा? हलदी लागली का काय परत?"

"मावशी," मी पुढच्या चाकाकडे बोट दाखवलं, "ब्रेक... लागला?"

"लागनार नाय तं काय? नवाकोरा हाय. शोरूमला जाऊन बदलून आनला, म्हयना झाला. एक पैसा घेतला नाय."

मी भर रस्त्यात खालीच बसलो. बांगड्यांमध्ये. हवालदार माझ्याकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत होता.

"पण मावशी, मी तुम्हाला जाऊ नका म्हणून एवढं समजावून सांगितलं होतं ना?"

मावशीने गाडी स्टँडवर लावली, माझ्या मांडीवरचा बांगडा उचलून टबात टाकला आणि म्हणाली, "व्हय तं! दोन दिस माजं नक्की व्हत नव्हतं, जाऊ का नको. तुमी जाऊ नका बोललाव, मंग लगेच गेले."