झांजेला जागा किती लागते

आप्पांच्या प्लेअरचं काम मी वहीत ‘अर्धा तास’ असं लिहिलं होतं. माझ्या यादीत प्रत्येक कामापुढे वेळ लिहिलेली असते आणि ती सहसा चुकत नाही. कॉलेजच्या ऑफिसात वर्षानुवर्षं वेळापत्रकं केल्यावर एवढं तरी जमतंच. या कामाला अख्खा आठवडा लागला. आणि त्या आठवड्यात मी इतकी हसले की बेळगावच्या बसस्टँडवर एका अनोळखी बाईंनी मला ‘काय झालं हो?’ असं काळजीनं विचारलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. निपाणीतल्या एका लग्नाच्या बँडमध्ये त्यांनी चाळीस वर्षं झांज वाजवली. बँडचे मास्तर क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांनी हौसेनं बत्त्यांच्या गाडीवर टेपरेकॉर्डर ठेवून वेगवेगळ्या वरातींच्या बारा कॅसेटी भरल्या होत्या. त्या मी लॅपटॉपवर उतरवून घेतल्या. आता त्या आप्पांच्या प्लेअरमध्ये घालायच्या, एवढंच काम.

प्लेअर लाल, साबणाच्या वडीएवढा. त्याची बटणं आप्पांना न बघता सापडतात. चार जीबीच्या वरचं कार्ड तो ओळखत नाही. मी नवा आणून दिला होता, तो डब्यासकट कपाटात आहे. दोन कार्डं आलटून पालटून घालायचाही प्रयोग झाला. एक कार्ड तपकिरीच्या डबीत पडलं, आणि आप्पा ते चिमटीतून नाकापर्यंत नेताना आई किंचाळली. तेव्हापासून एकच कार्ड, आणि वर चिकटपट्टी.

त्या एका कार्डावर दोन भाडेकरू: आईची कानडी प्रवचनं सुमारे शंभर तास आणि आप्पांचा बँड बारा तास. मूळ स्वरूपात नुसता बँडच जवळजवळ दोन कार्डं खाऊन बसला असता. म्हणून एमपीथ्री. ते करताना एक आकडा निवडावा लागतो: सेकंदाला आवाजाची किती माहिती ठेवायची. आकडा लहान तर फाइल लहान. मी तासांचा आणि जागेचा भागाकार केला, सगळ्यांना सरसकट चौसष्ट हा आकडा लावला, सगळं नीट बसलं. वहीत बरोबरची खूण केली आणि शनिवारी निपाणीची बस पकडली.

आप्पा पायरीवर बसून बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी बटण दाबून बंद केलं.

“लई चांगलं केलंस. क्लॅरिनेट हाय, ट्रम्पेट हाय, ढोल बी हाय. मीच न्हाय.”

“न्हाय म्हणजे?”

“माझ्या जागी कोण तर भजी तळायलंय.”

मी कान लावला आणि मला हसू फुटलं. खरंच! ढोल पडला की मागोमाग ‘झण्ण’ यायला हवं, तिथं ‘चुर्रर्र’ येत होतं. वरातीच्या मधोमध कुणीतरी कढईत घाणा सोडला होता.

आप्पा मात्र हसले नाहीत. पुढच्या रविवारी मास्तर चिकोडीहून या कॅसेटी ऐकायला येणार होते. हे मास्तर चाळीस वर्षं एकच वाक्य बोलत आले होते: “टाळ्या पिटता येत्यात त्याला झांज येती.” आप्पांनी त्यावर कधी तोंड उघडलं नव्हतं. आता त्यांना मास्तरांना ऐकवायचं होतं की बँडमध्ये आपणही होतो, आणि माझ्या भागाकारानं नेमकं त्यांनाच गाळलं होतं.

“त्यांच्यापुढं भजी नगंत गं पोरी,” ते एवढंच म्हणाले.

आठवडाभर मी जेवणाच्या सुट्टीत याच विषयावर वाचत होते. समजलं ते असं. फाइल लहान करताना कानाला फारसं जाणवणार नाही ते टाकून देतात. क्लॅरिनेटचा सूर म्हणजे एक सरळ रेघ, थोडक्यात ठेवता येते. झांजेचा आवाज सगळीकडे पसरलेला, बारीक, अंगावर काटे असलेला. तो थोडक्यात मावतच नाही. जागा कमी पडली की पहिला घाव त्याच्यावर. हे वाचताना मी ऑफिसात मोठ्यानं “अगं बाई!” म्हटलं. यंत्राचं आणि मास्तरांचं मत तंतोतंत एक होतं.

मग मी परीक्षा काढली. एकाच वरातीचा पाच मिनिटांचा तुकडा घेतला, वेगवेगळ्या आकड्यांवर त्याच्या फायली केल्या, त्यांना क, ख, ग अशी नावं दिली. कुठलं अक्षर म्हणजे कुठला आकडा ते वहीत लिहिलं आणि शनिवारी माहेरच्या सोप्यात वहीवर परात पालथी घालून बसले.

पहिली परीक्षार्थी आई. सगळं ऐकून म्हणाली, “समद्यात सारखाच दंगा हाय.”

आप्पांनी डोळे मिटले. क लावल्यावर म्हणाले, “भजी.” ख लावल्यावर, “वाळू चाळायल्यात.” ग हा एकशे अठ्ठावीस होता, बहुतेक लोक त्यावर खूश असतात. आप्पांनी मान वाकडी केली. “झांज हाय, खरं शेपूट तोडल्यालं हाय. वाजली की लगेच कोण तर हातानं धरायलंय.”

घ लावला. आप्पांचे दोन्ही हात मांडीवरून आपोआप उचलले गेले.

“आलो की!”

परातीखाली पाहिलं. एकशे ब्याण्णव. पुढच्या तीनशे वीसला आणि मूळ फायलीलाही ते “हां, आलो की” एवढंच म्हणाले. खात्री करावी म्हणून मी गुपचूप ख परत लावला.

“ही वाळू मगाशी झाली. बापाला फसवतीस व्हय गं?”

मी परात वाजवून टाळ्यांची हौस भागवून घेतली. मोबाइलवर बोलताना ज्यांना प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागतं, त्या माणसानं एकही उत्तर चुकवलं नव्हतं!

आता जागेचा प्रश्न. बँड एकशे ब्याण्णववर न्यायचा तर आईची प्रवचनं आवळायला हवीत. मी भीत भीत तिला एक प्रवचन बत्तीसवर ऐकवलं.

“महाराज फोनवर बोलल्यागत वाटायलेत,” आई म्हणाली. “खरं शबुद न शबुद कळतोय. मला शबुदच पायजेत. आवळ.” मग लगेच, “उरल्याली जागा कुणाची?”

“तुझीच.”

“वहीत लिव्ह.”

लिहिलं. आईनं चष्मा लावून वाचूनही घेतलं.

रविवारी मास्तर आले. चहा झाला. आप्पांनी प्लेअर स्टुलावर ठेवला, बटण दाबलं आणि भिंतीला टेकून बसले. मास्तरांची बोटं लगेच गुडघ्यावर क्लॅरिनेट वाजवू लागली. पहिली वरात झाली, दुसरी झाली. मास्तर स्वतःच्या सुरांवर खूश होते. झांजेबद्दल चकार शब्द नाही. आप्पा माझ्याकडे बघेनात. मी उगाच बशा गोळा केल्या.

तिसऱ्या वरातीत वाद्यं एकदम थांबली, क्लॅरिनेट एकट्यानं उठणार, तेवढ्यात खण्णकन झांज पडली.

मास्तर ताडकन उठले. “थांब, थांब! मागं घे!”

आप्पांनी मागं घेतलं. शांतता, आणि खण्ण.

“आधीच पडली! माझ्या सुराच्या आधी! चुकलास बघ लेका! एवढी वर्सं साळसूद बसलास, आज सापडलास!”

एवढा खटाटोप करून मी बापाची चूकच घासूनपुसून लख्ख केली होती. भज्यांत ती कुणाला कळलीही नसती.

आप्पा पुढे सरकले. “किती चुकलो?”

“अख्खी मात्रा!”

“नीट ऐकू आली?”

“नीट? अरं, कानात फुटली! आता कळलं, त्या दिवशी माझा सूर कशापायी हलला ते! तुझ्यापायी!”

“माझ्यापायी?”

“तर काय! झांज हुकली की बँड पांगळा हुतोय, तुला ठावं न्हाय?”

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. वरातीतल्या नवरदेवाचाही चेहरा इतका फुललेला मी पाहिलेला नाही. “ऐकलंस नव्हं गं? बँड पांगळा हुतोय म्हणं.” आणि ते हसायला लागले, खांदे हलवत, आवाज न करता, मग आवाज करून. मास्तरांनी थोडा वेळ रागावलेलं राहायचा प्रयत्न केला, जमला नाही.

“परत लाव,” मास्तर म्हणाले.

खण्ण. दोघंही लोटपोट.

“परत.”

आतून आईचा आवाज आला, “आवो, ती एकच चूक किती येळ ऐकनार?”

आप्पांनी न बघता बटण दाबलं. चौथ्या वेळी झांज पडायच्या आधीच दोघं हसले.